पंखा बंद केला की ऐकू येणारा कॉम्प्युटर

पत्र (थोडं आटोपशीर करून):

«मी अकोल्यात राहते. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. बँकेची कामं, यूट्यूबवरची कीर्तनं, नातीचा अभ्यास हेही त्याच कॉम्प्युटरवर. तो २०१६ सालचा आहे, सहाव्या पिढीचा आय५. रेकॉर्डिंगच्या वेळी छताचा पंखा आणि कूलर बंद करते, आणि ते थांबले की या डब्याची घरघर कानावर येते. ती प्रत्येक फाइलमध्ये उतरते. आता त्यावर विंडोज ११ चालत नाही म्हणतात, म्हणून नवा जुळवून घ्यायचं ठरवलं आहे. सगळा मिळून खर्च चाळीस-पंचेचाळीस हजार. मॉनिटर, कीबोर्ड, माइक जुनेच ठेवणार. दुकानदार म्हणतो, आय५-१४६००के घ्या आणि लिक्विड कूलिंग लावा, आवाजच येणार नाही. पुण्याचा भाचा म्हणतो, आय५-१२४००एफ घे मावशी, प्रोसेसर तोच आणि स्वस्त. शेजारच्यांनी रायझन ५ ५६००जी सुचवला. मला शांतता हवी आणि पुढची सात-आठ वर्षं या भानगडीत पुन्हा पडायचं नाही. काय करू?»

उत्तर

ताई, आय५-१२४०० घ्या. भाच्याने सांगितलेलाच, पण शेवटी ‘एफ’ नसलेला. त्याच्यावर १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा उभा कूलर) बसवून घ्या, आणि ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र बनवणारं वेगळं कार्ड) व लिक्विड कूलिंग दोन्हींना हात जोडा. एवढ्यावर तुमचं काम भागेल. दुकानात गेल्यावर तुम्हाला चार गोष्टी ऐकवल्या जातील, त्यांना उत्तर देता यावं म्हणून बाकीचं लिहितो.

प्रोसेसर स्वतः कधीच आवाज करत नाही. तो वीज खातो, खाल्लेली सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती हटवायला पंखे पळतात. आवाज पंख्यांचा असतो. त्यामुळे शांत कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर निवडताना पहिला प्रश्न ‘किती वेगवान’ हा नसून ‘जास्तीत जास्त किती वॅट’ हा आहे. खोक्यावर ठळक छापलेला आकडा इथे फसवतो. आय५-१२४००चा मूळ आकडा ६५ वॅट आहे, पण जोर लावला की तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. त्याचा नवा भाऊ आय५-१४४०० हाही ६५ वॅटचाच म्हणवतो, पण जोरात असताना १४८पर्यंत चढतो. दुकानदाराने सुचवलेला १४६००के मुळातच १२५ वॅटचा आणि वर १८१चा. एएमडीच्या, म्हणजे रायझन बनवणाऱ्या कंपनीच्या, ६५ वॅटवाल्यांची कमाल ८८ असते. ही माहिती कंपन्या लपवत नाहीत, त्यांच्या संकेतस्थळावर उघड असते. दुकानात मात्र कुणी सांगत नाही, कारण गिऱ्हाईक विचारत नाही.

तुमच्यासाठी १४६००के नको म्हणतो, ते तो वाईट आहे म्हणून नाही. दिवसभर व्हिडिओ एडिट करणाऱ्या माणसाला तो शोभेल. माणसाचा आवाज रेकॉर्ड करणं हे आजच्या प्रोसेसरच्या लेखी काम म्हणण्याइतकंही नाही. लग्नाच्या पंगतीचं पातेलं आणून त्यात दोघांपुरती खिचडी शिजवायची, असा तो प्रकार होईल. शिवाय ‘के’चा अर्थ त्याचा वेग मालकाला हाताने वाढवता येतो एवढाच. तुम्ही तो कधी वाढवणार नाही, पण त्याचे पैसे द्याल. आणि त्याच्या खोक्यात कूलर येत नाही, म्हणूनच मग लिक्विड कूलिंगची गोष्ट निघते.

त्या लिक्विड कूलिंगबद्दल. त्यात पाणी फिरवणारा एक छोटा पंप असतो आणि तो कॉम्प्युटर चालू आहे तोवर फिरत राहतो. शिवाय पाण्यातली उष्णता बाहेर टाकायला रेडिएटरवर पंखे लागतातच. म्हणजे पंखे गेले नाहीत, पंप मात्र वाढला. मोठ्या, तापट प्रोसेसरला त्याचा उपयोग आहे. ६५ वॅटच्या प्रोसेसरवर तो बसवून शांतता मिळत नाही; माइकला मात्र पंपाची बारीक गुणगुण नव्याने ऐकू येऊ शकते.

आता भाच्याचा ‘एफ’. १२४०० आणि १२४००एफ यांत फरक एकच: एफमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. मॉनिटरची वायर मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीला, लावली तर पडदा काळाच राहतो. हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी हजार-दीड हजार वाचवायला मी स्वतः असला प्रोसेसर घेतला, घरी येऊन अर्धी रात्र वायरी काढ-घाल केली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन मिळेल ते स्वस्त ग्राफिक्स कार्ड आणलं. त्या कार्डावर बशीएवढा पंखा होता आणि तो शीळ घालायचा. वाचलेले पैसे गेलेच, वर शीळ आली. भाचा गेम खेळत असणार. त्याच्याकडे कार्ड आहेच, म्हणून त्याला एफ परवडतो. त्याला रागावू नका.

रायझन ५ ५६००जी हा सल्ला मात्र चुकीचा नाही. सहा कोअर (एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग), ६५ वॅट, स्वतःचं ग्राफिक्स आणि ते इंटेलच्या १२४००मधल्यापेक्षा ताकदवान. नात मोठी होऊन हलके गेम खेळू लागली तर तो उजवा ठरेल. मी १२४००ला झुकतं माप देतो ते तुमच्या कीर्तनांमुळे. यूट्यूब बरेच व्हिडिओ एव्ही१ नावाच्या पद्धतीने आवळून पाठवतं. १२४००च्या ग्राफिक्समध्ये ते उलगडण्याची सोय मुळात बांधलेली आहे. २०२१च्या ५६००जीमध्ये ती नाही; असा व्हिडिओ आला तर ते काम प्रोसेसरच्या कोअरवर पडतं, तो तापतो, पंखा चढतो. त्याच रायझनच्या पुढच्या पिढ्यांत, म्हणजे ७६०० आणि ८६००जीमध्ये, ही सोय आली. पण त्यांना डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम लागते आणि तिथे तुमचं बजेट हलतं.

रॅमवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे कदाचित इथेच वाचतील. २०२५ सरता सरता रॅमचे भाव भडकले. जगभर एआयसाठी जी डेटा सेंटर्स उभी राहत आहेत त्यांच्याकडे मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल वळला, आणि झळ अकोल्यातल्या दुकानापर्यंत आली. तुमचा जुना कॉम्प्युटर सहाव्या पिढीचा आहे. त्या काळात काही बोर्डांवर डीडीआर३ असायची, काहींवर डीडीआर४. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, बाजूचं झाकण उघडा आणि रॅमच्या पट्टीवरचं लेबल वाचा. ‘पीसी४’ अशी सुरुवात असेल तर ती डीडीआर४ आहे, आणि १२४०० डीडीआर४च्या बोर्डावर आनंदाने चालतो. जुन्या पट्ट्या नव्यात बसतील. वेग थोडा कमी मिळेल, तुम्हाला जाणवणारही नाही. ‘पीसी३’ निघालं तर नवी घ्यावी लागेल: ८ जीबीच्या दोन पट्ट्या, १६ची एक नको. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून काम करतं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. मदरबोर्ड मागताना ‘डीडीआर४वाला’ असं तोंडाने स्पष्ट सांगा. १२४०० दोन्हींवर चालतो, पण बोर्डावरची खाच एकाच प्रकारची असते.

बारावी पिढी जुनी झाली, असं दुकानदार म्हणेल. खरं आहे, १२४०० जानेवारी २०२२चा. त्यावर एवढंच म्हणा की १४४००ही बोर्डावरच्या प्रोसेसरच्या त्याच खाचेत बसतो आणि माझ्या कामाला दोन्हींत फरक पडत नाही. भावात पाचशे-सातशेचाच फरक निघाला तर १४४०० घ्यायलाही हरकत नाही. वॅटची लगाम कशी घालायची ते खाली सांगतोच. ही खाच संपत आली, पुढे वरचा प्रोसेसर टाकता येणार नाही, हा आक्षेपही येईल. तुम्ही २०१६चा कॉम्प्युटर आजवर एकही भाग न बदलता वापरला आहे असं पत्रावरून दिसतं. मधेच प्रोसेसर बदलणाऱ्यांतल्या तुम्ही नाही. आणि हात फारच आखडता घ्यायचा झाला तर आय३-१२१००सुद्धा तुम्हाला पुरेल. चार कोअर, ६० वॅट, कमाल ८९. सात-आठ वर्षांचा विचार आणि नातीचा अभ्यास धरून मी सहा कोअर म्हणतोय.

प्रोसेसर खोक्यातलाच घ्या. सुटा, ट्रेमधून काढून दिलेला, थोडा स्वस्त मिळतो. पण इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी खोक्यातल्याला असते, सुट्याच्या बाबतीत तुम्ही आणि दुकानदार. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

आता अकोला.

परदेशी परीक्षणांत ‘हा कूलर नि:शब्द आहे’ असं जे लिहिलेलं असतं ते वीस-बावीस अंशांच्या खोलीत मोजलेलं असतं. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि तुम्ही तर रेकॉर्डिंगसाठी पंखा व कूलर दोन्ही बंद करता. म्हणजे खोली जेव्हा सगळ्यात शांत असते तेव्हाच ती सगळ्यात तापलेली असते. ही अडचण त्या परीक्षणं लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसते.

याचा हिशेब सोपा आहे. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीपेक्षा किती अंश वर ठेवायचं तेवढंच त्याच्या हातात. समजा एका कामात प्रोसेसर खोलीच्या चाळीस अंश वर जातो. वीस अंशांच्या खोलीत तो साठवर राहील, तुमच्या अडतीस अंशांच्या खोलीत अठ्ठ्याहत्तरवर. बोर्डाने पंख्याला ‘सत्तर झाले की पळ’ असं सांगून ठेवलेलं असेल तर तिकडे तो पेंगेल आणि तुमच्याकडे बोंबलेल. प्रोसेसर मात्र दोन्हीकडे सुखात आहे. या इंटेलची मर्यादा शंभर अंशांची आहे. अठ्ठ्याहत्तरला घाबरायचं कारण नाही. घाबरतो तो बोर्ड, आणि त्याला समजावता येतं.

ते असं. जोडणाऱ्या मुलाला दुकानातच बसवून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) तीन गोष्टी करून घ्या. पहिली, प्रोसेसरची वॅटमर्यादा. बऱ्याच बोर्डांवर ‘पीएल१’ आणि ‘पीएल२’ नावाच्या दोन जागा असतात. दोन्हींत ६५ लिहायचं. मग तो ११७ पर्यंत उसळी घेणारच नाही. एखादं जड काम थोडं उशिरा संपेल. तुमच्याकडे जड काम कुठलं, तर रेकॉर्डिंगमधला गोंगाट साफ करणं, आणि त्याला मिनिटभर जास्त लागलं म्हणून काही बिघडत नाही. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर तेवढी बॅटरीही वाचेल. दुसरी, पंख्याचा वेग पंच्याहत्तर अंशांपर्यंत खालीच राहावा, मग हळूहळू वाढावा. तिसरी गोष्ट फारसं कुणी करत नाही: पंख्याने तापमान बदलल्या क्षणी धावू नये, काही सेकंद वाट बघावी. वेबपेज उघडलं की प्रोसेसर दोन सेकंद तापतो नि निवतो. पंखा लगेच प्रतिसाद देत बसला तर दिवसभर हूंऽ… हूंऽ… असे हेलकावे येतात. कान एकसुरी आवाजाला सरावतो, चढउताराला सरावत नाही. रेकॉर्डिंगमधून गोंगाट काढणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे: एकसारखी घरघर ते नीट पुसतं, हेलकावे राहून जातात.

मोठा पंखा का, तेही सांगून टाकतो. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज अर्धा झाल्यासारखा वाटतो, म्हणजे हा सौदा किती फायद्याचा ते बघा. छोट्या पंख्याला तेवढीच हवा फेकायला दुप्पट धावावं लागतं. १२४००च्या खोक्यात इंटेलचा कूलर मिळतो आणि नुसत्या ईमेल-बँकेला तो चालतो. पण उन्हाळ्यातल्या त्या बंद खोलीत तो ऐकू येईल. डीपकूल एके४०० किंवा त्याच्यासारखा कुठलाही टॉवर घ्या. त्याची उंची १५५ मिलिमीटर आहे, तेव्हा कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे ना हे मोजूनच. जुन्या कॉम्प्युटरचा कूलर यावर बसवून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर बदललेलं आहे.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. समोर काच आणि आत इंद्रधनुष्य अशी कॅबिनेटं हल्ली फार दिसतात; ती आतून गुदमरतात आणि पंखे ओरडतात. जाळीमागे धूळ अडवणारी पट्टी असावी आणि ती सुटी निघावी, कारण तुमच्या गावात धुळीबरोबर कापसाचे तंतूही उडतात. महिन्यातून एकदा ती झटकली तरी पुरे. आणि मोठा कूलर, तुमचा पाण्याचा, कॉम्प्युटरच्या थेट तोंडावर ठेवू नका. गार वाऱ्याबरोबर ओल आत जाते.

साठवणीला एसएसडीच, म्हणजे आत काहीही न फिरणारी. जुन्या कॉम्प्युटरमधली फिरणारी हार्ड डिस्क त्या घरघरीतला एक सूर असणार, माझा तर असा संशय आहे की बराचसा सूर तिचाच. ती नव्यात बसवू नका. बाहेरून जोडायच्या डबीत घाला, रेकॉर्डिंग्जची दुसरी प्रत ठेवायला वापरा, आणि वाचायला बसताना काढून ठेवा.

विंडोजबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत सहाव्या पिढीचे आय५ नाहीत. बँकेची कामं करता, म्हणून हा बदल लांबवू नका. आवाजापुरतंच असतं तर मी आधी म्हणालो असतो की जुन्यातली धूळ काढा, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी वाळलेली पेस्ट बदला आणि मग बघू.

शेवटचं काम फुकटातलं आहे. कॅबिनेट आता टेबलावर असेल तर खाली ठेवा, टेबलाच्या दूरच्या बाजूला, पायांखाली रबराचे तुकडे घालून. आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत तो सहा डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे थोडं कमी, पण उतरतो. उलट माइक तोंडाच्या जवळ आणा, वीतभर अंतरावर, आणि त्याची पाठ कॅबिनेटकडे करा.

पैसे देण्याआधी दुकानात आवाज तपासायचा प्रयत्न करू नका. रस्त्यावरच्या ऑटोंपुढे सगळेच कॉम्प्युटर शांत असतात. त्याऐवजी आजच रात्री, जुना कॉम्प्युटर चालू ठेवून, पंखा-कूलर बंद करून, काही न बोलता एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ती फाइल जपून ठेवा. नवा आला की त्याच जागी, त्याच माइकने, आवाजाची तीच पातळी ठेवून पुन्हा एक मिनिट. दोन्ही मला पाठवा. नव्यात काही ऐकू आलंच तर तो पंखा कुठला, ते आपण त्यावरून शोधू.